भोंग्याचं तोंड

रूतक्का माझ्याकडे चहाला आली की आधी आपल्या चर्चच्या मंडळीला चार शब्द ऐकवते आणि मग बशी मागते. वय सत्तरीच्या पुढे कुठंतरी, नेमकं तिलाही ठाऊक नाही. गुडघे गेलेत, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, पण तोंड शाबूत. मी तिला म्हणते, अक्का, तुमच्या चर्चबद्दल तुम्ही जेवढं वाईट बोलता तेवढं गावात दुसरं कुणी बोलत नाही. त्यावर तिचं ठरलेलं उत्तर असतं, की दुसऱ्यांचं काय जातंय, ज्याचं घर गळतं तोच वर बघतो.

मी त्या मंडळीतली नाही, हे आधीच सांगून टाकते. आम्ही बौद्ध. मी संतपूरच्या मराठी शाळेत शिकवते, रत्नपाल, म्हणजे माझे यजमान, औरादच्या बस डेपोत आहेत. आमचं गाव संतपूरहून पायी जाण्याच्या अंतरावर. गावाच्या खालच्या अंगाला आमची आळी, आणि एकाच आळीचे दोन भाग. रूतक्काच्या आजेसासऱ्याच्या काळात मिशनवाले आले तेव्हा काही घरं ख्रिस्ती झाली, छप्पन सालानंतर उरलेली बौद्ध झाली. विहीर एक, नाला एक, आडनावंसुद्धा बरीचशी एकच. आपसात लग्नं होत नाहीत, भांडणं होतात, आणि मयतीला दोन्हीकडची माणसं येतात. येत असत, असं म्हणायला हवं.

रूतक्काचं माहेर हुमनाबादकडचं. बाप सडकेच्या कामावर होता. मिशनच्या बोर्डिंगात राहून ती सातवीपर्यंत शिकली, लग्न होऊन इथं आली. नवरा लॉरी चालवायचा, एका पावसाळ्यात लॉरी उलटली आणि तो गेला. पदरात एक मुलगी. मग मिशननं तिला बायबलबाई म्हणून कामाला लावलं. बायबलबाई म्हणजे घरोघर जाऊन शास्त्रातल्या, म्हणजे बायबलातल्या, गोष्टी सांगणारी, गाणी शिकवणारी, आजाऱ्याच्या उशाशी बसणारी बाई. पगार बेताचाच, पण खांद्याला पिशवी आली. पिशवीत शास्त्र, गाण्यांचं पुस्तक आणि अल्युमिनियमचा एक पेला.

पेल्याचं कारण सांगायला हवं. वरच्या आळीतल्या मोठ्या घरांच्या ओट्यावर ती बसायची, पण त्यांच्या भांड्यातलं पाणी तिला कोण देणार? म्हणून पेला आपला. कुणी दिलंच पाणी तर वरून ओतायचं, हिनं पेल्यात झेलायचं. मी कॉलेजात असताना एकदा चिडून म्हटलं, असं पाणी पिऊन गोष्टी कशाला सांगायच्या त्यांना? ती म्हणाली, “पाण्यावरनं भांडत बसले असते तर गोष्ट कवा सांगितली असती?” मला हे उत्तर आजही पटलेलं नाही. आमच्या घरात असलं उत्तर चालत नाही. पण त्या पेल्यासकट ती ज्या घरांत शिरली, त्या घरांत शिरायची आमच्यापैकी कुणाची छाती नव्हती, हेही खरं.

मी पहिलीत असेन, तेव्हा आळीत हगवण-वांत्यांची साथ आली. लोकांनी दारं लावून घेतली. माझी आई आडवी पडली, बाप कामाला गावाबाहेर, आणि आमचे सख्खे नातलग लांबूनच विचारून जात. रूतक्का आली, काही न विचारता आत शिरली. आईचं अंथरूण धुतलं, चमच्या-चमच्यानं मीठ-साखरेचं पाणी पाजत रात्रभर बसली. त्यांच्या मंडळीतले पुरुष खांद्यावर घागरी आणून टाकत होते. आई वाचली. तू कामून आलीस, असं आईनं नंतर विचारलं तर म्हणाली, शुक्रवारची पाळी तुझ्या शेजारच्या घरची होती, वाटेत तुझं दार लागलं.

ही पाळी म्हणजे काय, ते समजलं नाही तर पुढचं काहीच समजणार नाही. त्यांच्यात शुक्रवारी दिवेलागणीला घरप्रार्थना असते. आळीच्या एका टोकापासून सुरू करायची आणि क्रमानं प्रत्येक घरी जायचं, एकही घर गाळायचं नाही. ज्याची पाळी त्यानं जमीन सारवायची, पोती अंथरायची, एक कंदील लावायचा आणि गुळाचा काळा चहा करायचा. बस्स. घरात कुणी आजारी असलं तर त्याच्या बाजेभोवती बसून गाणी म्हणायची. आम्ही बौद्धांची पोरंही त्या चहासाठी जाऊन बसायचो, आणि गाणी आम्हालाही पाठ होती.

मग चहात दूध आलं. दुधानंतर पोहे आले. कुणाचा तरी मुलगा पुण्याला नोकरीला लागला, त्यानं मटण घातलं, आणि त्यानंतर मटणाच्या खाली उतरायची कुणाची हिंमत होईना. पोती गेली, शलमोन अण्णाच्या मांडवातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. हे शलमोन अण्णा मंडळीतले वडीलधारे, मंडप आणि साऊंडचा धंदा करतात, हाताचे सढळ, बोलायला गोड. गरिबाची पाळी आली की तो मान खाली घालून म्हणायचा, पुढच्या वेळी घेतो. पुढची वेळ काही यायची नाही. कुणी कुणाला वगळलं नव्हतं. गरीब आपणच बाजूला झाला, आणि बाकीच्यांनी ते ऐकून घेतलं. घरप्रार्थना स्लॅबच्या घरांतून फिरायला लागली.

चर्च मात्र झकास झालं. कौलं गेली, फरशी आली, काचेची खिडकी, की-बोर्ड, आणि बाहेरच्या लिंबावर भोंगा. नाताळात बांबूवर जो तारा टांगतात तो आता औरादच्या रस्त्यावरून दिसतो. मंडळीतली पोरं शिकली, नर्स झाली, मास्तर झाली. प्रार्थना तर अशी करतात की ऐकत राहावं. आणि आमच्या विहारात काही वेगळं आहे असं कुणी समजू नये. आम्हीही मूर्तीला रंग देतो, जयंतीला डीजे लावतो आणि शेजारच्या घरात चूल पेटली का ते बघत नाही. मी हे बोलले की रूतक्काला फार बरं वाटतं. ती आणखी अर्धी बशी चहा मागते.

आता नागेंद्राचं सांगते. नाल्याच्या काठावर आळीचं शेवटचं घर त्याचं, चारी बाजूंनी पत्रा. तो शहाबादकडे फरशी कापायच्या कामावर होता. दगडाची भुकटी छातीत गेली, तिच्यावर टीबी झाला. दोन वर्षांनी घरी परत आला तो हाडांचा सापळा होऊन. गोळ्यांचा कोर्स त्यानं पुरा केला. तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की आता याच्यापासून कुणाला धोका नाही, खुशाल जवळ बसा, फक्त याची फुप्फुसं काही परत यायची नाहीत. त्याची बायको हेमावती हे वाक्य आळीत घरोघर सांगत फिरली. लोक ऐकायचे, मान हलवायचे आणि तिनं हात टेकलेली जागा पुसून घ्यायचे.

हाच नागेंद्र आधी चर्चमध्ये ढोलक वाजवून गायचा. त्याचा आवाज चढला की मी वह्या तपासायच्या थांबत असे. आणि त्याचं मागणं एवढंच, की मरायच्या आधी एकदा शुक्रवारची पाळी आपल्या घरी व्हावी. बाजेभोवती माणसं बसावीत आणि गाणी व्हावीत. बरं होण्याचं तो बोलतच नव्हता.

हेमावती चर्चच्या पाळकांकडे गेली. पाळक प्रशांतकुमार, चाळिशीच्या आतले, बीदरकडचे. माणूस वाईट नाही. वाईट असता तर सोपं झालं असतं, मी दोन शब्द सुनावून मोकळी झाले असते. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, जरूर घेऊ म्हणाले, आणि पाठोपाठ म्हणाले की मंडळीला विचारतो. मंडळीला विचारलं. त्या शुक्रवारी सोयाबीनची रास होती. पुढच्या शुक्रवारी हुमनाबादला लग्न होतं. त्याच्या पुढच्या शुक्रवारी नाताळच्या गाण्यांची तालीम सुरू झाली. कुणी म्हणालं, ती बिचारी मटण कुठून करणार, तिला कशाला अडचणीत घालायचं. हेमावतीनं काळा चहा करते म्हणून सांगितलं होतं, ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. कुणी म्हणालं, दिवस बरे नाहीत, नाल्याकाठी उघड्यावर गाणी म्हटली तर कुणीतरी मोबाईल धरेल आणि काहीबाही पसरवेल. रोगाचं नाव तेवढं कुणी घेतलं नाही, आणि सगळ्यांच्या मनात तेच होतं.

रूतक्का त्या बैठकीत उभी राहिली. “आपल्याच माणसाच्या घरी जायाला कुणाची परवानगी लागती?” एवढंच तिनं विचारलं. त्यावर शलमोन अण्णा हसून म्हणाले, अक्का, तुमचा जमाना वेगळा होता. ती खाली बसली. माझ्याकडे आली तेव्हा तिनं बशी मागितली नाही. चहा कपातच निवला.

दुसऱ्या दिवसापासून ती रोज नाल्यावर जायला लागली. सकाळी काठी टेकत जायची, नागेंद्राला अंबील पाजायची, हेमावतीला घटकाभर झोपू द्यायची. पिशवी घेऊन जायची, पण पेला घरी ठेवून. मी विचारलं तेव्हा म्हणाली, “तो पेला वरच्या आळीसाठी व्हता. आपल्या लेकराच्या घरी आपलं भांडं घेऊन जातेत व्हय?” एकदा पाळक आले. दारापर्यंत आले आणि रुमाल तोंडाला लावून उंबऱ्याबाहेरच प्रार्थना करायला लागले. रूतक्कानं नागेंद्राच्या उशाचा तांब्या उचलला, त्याच्याच फुलपात्रात पाणी ओतलं आणि त्यांच्याकडे बघत पिऊन टाकलं. प्रार्थना लवकर आटोपली. पाळकांनी जाताना हेमावतीच्या नजरेला नजर दिली नाही, असं रूतक्का सांगते, आणि ते सांगताना तिला आनंद होत नाही.

मग शलमोन अण्णांनी तोड काढली. येत्या शुक्रवारची प्रार्थना नागेंद्राच्या नावानं चर्चमध्येच करायची. लिंबावरच्या भोंग्याचं तोंड नाल्याकडे फिरवायचं. म्हणजे त्याला पडल्या-पडल्या सगळं ऐकू जाईल, त्रास नाही, गर्दी नाही. जेवण चर्चच्या आवारातच करायचं आणि हेमावतीकडे डबा पोचवायचा. सगळ्यांना ही कल्पना फार आवडली. बायांनी शलमोन अण्णांचं कौतुक केलं. त्यात काही चुकतंय असं कुणालाही वाटलं नाही, आणि मला आजही झोंबतं ते हेच. कपट असतं तर समजलं असतं. ही माणसं मनापासून खूश होती.

शुक्रवारी दुपारी शलमोन अण्णांचा माणूस लिंबावर चढून भोंगा फिरवत होता. चर्च उंचावर, नाला खाली, आणि आमचं घर बरोबर मधे. म्हणजे तो सगळा आवाज माझ्या डोक्यावरून जाणार. मी रस्त्यावर जाऊन भांडले, की मुलांच्या चाचणीचे पेपर तपासायचेत. शलमोन अण्णा हात जोडून म्हणाले, “बाई, येका दिवसाचं काम हाय. पुण्याचं काम हाय.” मी घरात येऊन खिडक्या लावल्या. मला तेव्हा राग आवाजाचाच होता, दुसरं काही सुचलं नव्हतं.

संध्याकाळी रूतक्कानं निरोप धाडला, राजश्रीला म्हणावं येऊन बस, नागेंद्राचा श्वास सकाळपासून बरा नाही. मी गेले. घर झाडून-सारवून लख्ख केलेलं होतं. कोपऱ्यात गुळाच्या चहाचं पातेलं झाकून ठेवलं होतं. मी हेमावतीकडे बघितलं तर ती म्हणाली, कुणी चुकून आलंच तर असू द्यावा. मी पातेल्याकडे पाठ करून बसले.

तेवढ्यात भोंगा सुरू झाला. पत्र्याचं घर, सगळा पत्रा थरथरायला लागला. आधी हॅलो हॅलो, मग की-बोर्ड, मग गाणं. नागेंद्राच्याच आवडीचं गाणं त्यांनी निवडलं होतं, एवढी आठवण त्यांनी ठेवली होती, ते मी नाकारत नाही. नागेंद्राचे ओठ हलले. उजव्या हाताची बोटं बाजेच्या काठावर ठेका धरायला बघत होती, एक-दोनदा धरला, मग बोटं तशीच राहिली. रूतक्का त्याच्या कानाशी वाकून तेच गाणं हळू आवाजात म्हणायला लागली, पण भोंग्यापुढे तिचं काही चालेना. तिनं दार लोटून बघितलं. आवाज दारातून नव्हता, पत्र्यातूनच येत होता.

गाणं संपलं आणि पाळकांची प्रार्थना सुरू झाली. आवाज गोड, शब्द एकाहून एक सरस. मी पुस्तकी बाई आहे, मला चांगली भाषा कळते. ती चांगली होती. म्हणता म्हणता ते म्हणाले, “हे प्रभू, तुझा सेवक नागेंद्र याच्या बाजेभोवती आज आम्ही सर्व जण जमलो आहोत. त्याच्या उशाशी उभे राहून आम्ही तुला विनवतो.” सवयीनं बोलले असतील. आजाऱ्याकडे गेलं की असंच म्हणतात ते. पण इकडे हेमावतीनं खरोखर मान वर केली आणि घरभर नजर फिरवली. आणि नागेंद्रानं डोळे उघडले. त्यानं दाराकडे बघितलं. ते बघणं मी कुणाला सांगू शकत नाही. तो माणसं शोधत होता.

भोंगा त्याला उठवायची विनंती करत होता. पुढच्या शुक्रवारी त्यानं स्वतःच्या पायांनी चर्चमध्ये येऊन गावं असं मागत होता. तेवढ्यात त्याचा श्वास एकदा वर गेला आणि खाली आला नाही. रूतक्कानं थोडा वेळ वाट बघितली, मग त्याचे डोळे मिटले, हनुवटी हातानं वर धरून ठेवली. हेमावतीला तिनं जवळ ओढलं. हेमावतीनं तोंड उघडलं, पण रडणं काही ऐकू आलं नाही. पत्रा अजून वाजतच होता. नवरा गेलेल्या बाईला तिच्याच घरात आपलं रडणं ऐकू येईना, आणि वर तिच्याच नवऱ्यासाठी प्रार्थना चाललेली. मला तेव्हा त्या भोंग्याला धोंडा मारावासा वाटला.

रूतक्का उठली. मला म्हणाली, हिला सोडू नको. काठी घेतली आणि निघाली. चढाची वाट, तिचे ते गुडघे. मी उंबऱ्यातून तिची पाठ दिसेनाशी होईपर्यंत बघितली. मग आत येऊन हेमावतीला धरून बसले. प्रार्थना संपली, दुसऱ्या कुणाची तरी सुरू झाली, तीही संपली. पुन्हा की-बोर्ड लागला. रूतक्का कुठंतरी पडली की काय असं मला वाटायला लागलं. मग की-बोर्ड मधेच थांबला. माइक घासल्याचा आवाज आला. कुणीतरी अक्का, अक्का म्हणालं. आणि मग तिचा आवाज आला, धापा टाकत, सगळ्या पत्र्यातून.

“नागेंद्र गेला. तुमची प्रार्थना चालू व्हती तवाच गेला.”

नुसता श्वास ऐकू येत राहिला. मग ती म्हणाली, “पाळकसाहेब, तुम्ही म्हणलाव की आमी त्याच्या उशाशी हाव. मी तिथनंच यायलेय. मला तर तिथं कुणी दिसलं न्हाई. त्यालाबी दिसलं न्हाई. त्यानं दाराकडं बघितलं वो.”

इथं तिचा आवाज फुटला. रूतक्काला रडताना मी कधी ऐकलं नव्हतं, आणि ऐकलं ते असं, भोंग्यातून.

“मी भांडायला आले न्हाई. तुमच्यातल्या निम्म्या लेकरांना गाणी म्या शिकविली. काय शिकविलं मी? देवाला जर वरनं नुस्ता आवाज देऊन भागलं असतं, तर येशू सोता कामून आला? त्याला काय भोंगा मिळत नव्हता? तो चालत आला. रोग्याला हात लावला. आपुन त्याचे म्हणवितो आणि तारा टांगून बसतो. आवाज पोचला, लेकरांनो. लई चांगला पोचला. आता पेटी उचलायची हाय. आवाजाला खांदा नसतो. येनार असाल तर या.”

काठीचा आवाज दूर गेला. माइक कुणी बंद केला नाही. भोंग्यातून चर्चमधली शांतता सबंध आळीवर येत होती, एक मूल कुरकुरलं तेही ऐकू आलं. मग खुर्च्या सरकल्या. एक सरकली, मग दोन-तीन, मग पुष्कळ एकदम. फरशीवर प्लास्टिकच्या खुर्च्या ओढल्याचा तो घसरा इथं पत्र्यात घुमला. हेमावतीनं माझा हात धरला.

“बाई,” ती म्हणाली, “यायलेत का जायलेत?”

मी उठून दारात गेले. लिंबाच्या खाली रस्ता फुटतो, एक फाटा वर स्लॅबच्या घरांकडे जातो, एक खाली नाल्याकडे. बरीच माणसं वरच्या फाट्याला वळली. कोण कोण वळलं ते मी बघितलं आणि ते मी विसरणार नाही, माझा स्वभावच तसा आहे. पण सगळी वळली नाहीत. प्रशांतकुमार पुढे होते, हातात शास्त्र नव्हतं. त्यांच्या मागे काही बाया, डोक्यावर पदर घेतलेल्या. तालमीतली पोरं. सगळ्यात मागून शलमोन अण्णा, मोकळ्या हातांनी, तोंड पुसत. रत्नपाल डेपोतून तेव्हाच आले होते, तेही आमच्या दारातून त्यांच्यात येऊन मिळाले.

ते सगळे नाल्यापर्यंत आले आणि घरासमोर थांबले. कुणी पुढे होईना. पाळकांचा हात खिशाकडे गेला, रुमाल अर्धा बाहेर आला, मग त्यांनी तो परत आत ढकलला. मी दारातून बाजूला झाले तरी कुणी पाऊल उचललं नाही. सगळे रूतक्काची वाट बघत होते. चर्चमधून ती आधी निघाली होती, पण उतारावर सगळे तिला मागे टाकून पुढे आले होते.

ती आली. माणसांनी तिला वाट करून दिली. उंबऱ्यापाशी येऊन तिनं काठी भिंतीला टेकवली आणि मागे वळून त्यांच्याकडे बघितलं. बोलली तेव्हा आवाज साधाच होता, रोजच्यासारखा.

“भायेर कामून थांबलाव? आत या. आज पाळी हितलीच हाय.”

प्रशांतकुमारांनी चपला काढल्या. आत हेमावती उठली, डोळे पुसले, घरात होती ती दोन पोती झटकली आणि बाजेभोवती अंथरली. मग ती पातेल्याखाली चूल पेटवायला बसली.